सिसलच्या रोपांचे 88 हजार

आमचं गाव माण तालुक्यात. डोंगराकडेची दोन एकर मुरमाड जमीन वडिलांच्या काळापासून पडीकच होती. 2019 च्या उन्हाळ्यात गावच्या देवळात एका कंपनीच्या माणसाने बैठक घेतली. पीक होतं सिसल. पाणी जवळजवळ लागत नाही, जनावर तोंड लावत नाही, पानातल्या धाग्यापासून दोर, पोती, चटया होतात, असं त्याने सांगितलं. 1893 साली रिचर्ड हिंडॉर्फ नावाच्या जर्मन माणसाने फ्लोरिडाहून हजार रोपं पूर्व आफ्रिकेत मागवली, त्यातली 62 जगली आणि आजच्या टांझानियातले अफाट मळे त्यातूनच उभे राहिले, हेही त्यानेच सांगितलं.

मी नंतर पडताळून पाहिलं. ही सगळी माहिती खरी आहे. म्हणूनच हे लिहितोय. त्याच्या बोलण्यात खोटं सापडेना, म्हणून आम्ही विश्वास ठेवला.

रोप 22 रुपयांना. एकरी दोन हजार, म्हणजे माझी चार हजार रोपं, 88 हजार रुपये. त्यातले 30 हजार माझ्या बायकोने बचत गटातून उचलले. बदल्यात स्टँपपेपरवर करार: वर्षभरात पहिली कापणी, पुढे वीस वर्षं पानं 15 रुपये किलोने कंपनी बांधावरून उचलणार आणि धागा काढायचं यंत्र गावातच बसवणार.

जुलैत टेम्पोतून पोत्यात कोंबलेली वीतभर रोपं आली. लावली. वर्ष गेलं, पानं हातभरही झाली नाहीत. फोन आधी लागायचा, मग बंद. दुसऱ्या वर्षी आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या दोर वळणारे नाना शेताकडे आले. पानाच्या कडेवरून बोट फिरवून म्हणाले, "आरं, ही तर बांधावरची केकताडं! ही कुणी इकत घेतं व्हय?"

केकताड म्हणजे घायपात. सिसलही घायपातच, पण घायपाताच्या जाती अनेक. खऱ्या सिसलचं पान तलवारीसारखं सरळ, टोकाला एकच काळा काटा, कडा बहुतेक गुळगुळीत. माझ्या पानांच्या दोन्ही कडांना आकड्यासारखे काटे होते आणि रंग राखाडी-निळा. लहानपणी सिसललाही बारीक काटे असतात, त्यामुळे रोप बघून मला काही कळलं नाही.

पण रोप न ओळखताही मला हे कळायला हवं होतं. 62 रोपांतून मळे उभे राहतात, कारण हे झाड बुडाशी पिलं सोडतं आणि आयुष्याच्या शेवटी एकदाच उंच दांडा टाकतं, त्यावर शेकडो रोपटी लागतात. दांडा आला की झाड मरतं, साधारण आठ-दहा वर्षांत. मग वीस वर्षांचा करार कशाच्या जोरावर? आणि पहिली कापणी तर तिसऱ्या वर्षाच्या आसपास येते.

दराचा हिशेबही नानांनीच मांडायला लावला. शंभर किलो पानांतून वाळलेला वाख, म्हणजे धागा, निघतो चार किलोच्या आसपास. 15 रुपयांनी शंभर किलो पानं म्हणजे दीड हजार रुपये. एक किलो वाख पडला 375 रुपयांना, त्यात मजुरी नाही, यंत्र नाही, वाहतूक नाही. नाना म्हणाले, "एवढ्या भावानं माझा वळलेला दोर कुणी घेत न्हाई." देवळात आम्ही चाळीस माणसं होतो. दुधाचा, कांद्याचा हिशेब तोंडपाठ असलेली. एकानेही हा भागाकार केला नाही.

यंत्र तर आलंच नाही. कापलेलं पान दोन दिवस पडलं की सुकतं आणि गर धाग्याला चिकटून बसतो. त्यामुळे यंत्र जवळ नसेल तर उत्तम सिसलही वायाच जातं. करारावरच्या पत्त्यावर आम्ही तिघं पुण्याला गेलो. तिथे बंद गाळा. पोलिसांत अर्ज दिलाय, पैसे परत आलेले नाहीत. लावायचंच असेल तर ओडिशात बामरा इथे सरकारचं सिसल संशोधन केंद्र आहे, पैसे देण्याआधी तिथे विचारा. मी विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावात तशीच बैठक ठरल्याचं कळलं. नाव दुसरं, भाव तोच. मी आणि नाना दहा किलो पानं आणि तराजू घेऊन आदल्या दिवशीच देवळात गेलो. नानांनी सगळ्यांसमोर पानं ठेचली, गर खरवडला, धागा उन्हात टाकला. संध्याकाळी वजन केलं, साडेतीनशे ग्रॅम. दोघांनी आगाऊ पैसे आधीच भरले होते. बाकीच्यांनी भरले नाहीत.