अंगणातली दगडी फरशी: पावसाळा, दिवाळी आणि उन्हाळा पाहिल्यानंतर

साताऱ्यात घर बांधून झालं तेव्हा भोवतालच्या मोकळ्या जागेत सिमेंटचे पेव्हर ब्लॉक घालायचे नाहीत, दगडच घालायचा, हे आमचं पक्कं होतं. आता चार जागी चार दगड आहेत. गाडी उभी करतो तिथे काळ्या पाषाणाचे (बेसॉल्टचे) घडीव ठोकळे, पुढच्या अंगणात खडबडीत शहाबादी, पायऱ्यांना लेदर फिनिशचा, म्हणजे चामड्यासारखा किंचित खडबडीत पृष्ठभाग ठेवलेला ग्रॅनाइट आणि परसातल्या पायवाटेला जांभा. यांच्यावरून एक अख्खा पावसाळा, एक दिवाळी आणि एप्रिल-मेचं ऊन जाऊन झालं आहे. दगड घेताना दुकानदार दर सांगत होते आणि गवंडी आपल्या सवयीचं सांगत होते. वापरल्यावर काय होतं हे सलग सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाहेरच्या फरशीत दगडाच्या नावाला जेवढं महत्त्व दिलं जातं तेवढं ते नाही. ओल्या पायाला तो दगड कसा लागतो आणि त्याच्या खाली काय भरलं आहे, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

तरी नावांचा थोडा उलगडा हवाच. शहाबादी, तांदूर, कडप्पा आणि कोटा हे दुकानात चार वेगळे दगड म्हणून दाखवतात, पण चारही चुनखडक आहेत. शहाबाद कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात, तांदूर तेलंगणात, कडप्पा आंध्रात, आणि कोट्याचा दगड राजस्थानात रामगंजमंडीच्या बाजूच्या खाणींतून येतो. चुनखडक असल्यामुळे आंबट पदार्थ आणि ॲसिड हे यांचे शत्रू. नमुन्यावर लिंबाचे दोन थेंब टाका, थोड्या वेळाने पुसा. पॉलिश मेलेला फिकट डाग दिसला तर चुनखडक समजा. ग्रॅनाइटला आणि पाषाणाला काही होत नाही. सुरीच्या टोकाने ओरखडा काढून बघितला तरी तेच कळतं: चुनखडकावर सहज उमटतो, ग्रॅनाइटवर उमटत नाही. दुकानदाराला राग येईल असं वाटून गप्प बसू नका, तुटका तुकडा मागून घ्या.

हे कळल्यावर कडप्पा आम्ही लगेच बाजूला ठेवला. मागच्या दारी भांडी घासायची जागा आहे आणि देवाची तांब्यापितळेची भांडी आमच्याकडे चिंचेनेच निघतात. काळ्या पॉलिश कडप्प्यावर चिंचेचं पाणी चार वेळा सांडलं की तिथे पांढुरके डाग धरतात, आणि ते धुऊन जात नाहीत, कारण ते वरून लागलेले नसतात, दगडच तेवढा झिजलेला असतो.

आता शहाबादीबद्दल. अंगणासाठी आम्ही मशीनकट पॉलिश न घेता रफ घेतली, दोन बाय दोन फुटांची. हिच्या पाठीवर नैसर्गिक लहरी असतात, खाणीतून थर सुटतो तसाच तो पृष्ठभाग राहतो. जुलैतल्या झडीत मी या अंगणात अनवाणी फिरले आहे आणि पाय घसरलेला नाही. शेजारच्या काकूंनी त्याच सुमारास पायऱ्यांना पॉलिश कोटा लावला होता. पहिल्याच पावसात त्यांना त्यावर खरखरीत पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. घराच्या आत त्याच कोट्याला तोड नाही, पण पागोळ्यांखाली तो लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रफ शहाबादीचा त्रास जाडीचा. एकाच टेम्पोत एक इंचापासून दीड इंचापर्यंतच्या फरश्या आल्या. गवंड्याला प्रत्येक फरशीखाली सिमेंट-वाळूचा माल कमीजास्त करत, दोरी धरून बसवावं लागलं, त्यामुळे मजुरी वाढली. दुसरं म्हणजे काही फरश्यांचे पापुद्रे सुटत होते. फरशी उभी धरून हातोडीने हलकेच ठोकली की चांगली खणखणीत वाजते आणि आत थर सुटलेली बद्द आवाज करते. बद्द वाजणाऱ्या फरश्या आम्ही वेगळ्या काढल्या, तर विक्रेता म्हणाला, “बाहेर काय, चालून जातं.” चालत नाही. पापुद्र्यात पाणी शिरतं आणि वरचा थर खपलीसारखा निघतो. बरीच वादावादी होऊन निम्म्या बदलून मिळाल्या. वाईट फरशी परत घेणार का, हे टेम्पोतून फरश्या उतरवण्याआधी ठरवून घ्या. उतरवल्यावर तुमचं कुणी ऐकत नाही.

शेवाळाचं खरं चित्र असं. अंगणाच्या ज्या भागावर ऊन पडतं तिथे पावसाळाभर जवळजवळ काही आलं नाही. आंब्याखालचा आणि उत्तरेच्या भिंतीलगतचा पट्टा मात्र जुलैअखेर हिरवागार झाला. ब्लिचिंग पावडर पाण्यात कालवून टाकायची, थोडा वेळ ठेवायची आणि ताठ केसांच्या ब्रशने घासायचं, की शेवाळ निघतं. झाडांच्या बुंध्याशी ते पाणी जाऊ देऊ नका. प्रेशर पंपाने धुतलं तर काम झटपट होतं, पण दरजा, म्हणजे फरश्यांमधले भरलेले सांधे, उखडतात, म्हणून मी तो वापरणं थांबवलं. आणि फरशीवर पडलेलं सिमेंट काढायला गवंडी ॲसिड मागतील, तेव्हा सरळ नाही म्हणा. शहाबादीवर ॲसिड पडलं की फेस येतो, आणि तो फेस म्हणजे तुमची फरशीच विरघळते आहे.

पाऊस ओसरल्यावर सांध्यांच्या कडेने पांढरी भुकटी दिसू लागली. भिंतीला लोणा लागतो तशी. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवा लागून घट्ट होतो, त्याचा हा प्रकार. नव्या कामात तो बहुतेकदा येतोच आणि हळूहळू कमी होतो. कोरड्या ब्रशने झाडत राहिले, आता जवळपास गेला आहे.

पण जिथे फरशीखाली पोकळी असते तिथे पाणी साठून हा लोणा सरत नाही, आणि वरून जड कुंडी ठेवली तर फरशी तडकते. म्हणून एका गोष्टीवर मी काम चालू असताना अडून बसले होते. फरशीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून वर फरशी दाबायची, ही घाईची पद्धत आहे. आम्ही पूर्ण थर पसरून, त्यावर सिमेंटची स्लरी (पातळ कालवलेलं सिमेंट) ओतून, मग फरशी रबरी हातोड्याने ठोकून बसवायला लावली. दरजा भरण्याआधी रोज संध्याकाळी मी काठीने एकेक फरशी ठोकून बघत होते आणि पोकळ वाजलेली दुसऱ्या दिवशी उचलायला लावत होते. गवंडीमामा सुरुवातीला वैतागले, पुढे स्वतःच वाजवून दाखवू लागले. उतारही तसाच तपासला: पाच फुटांना एक इंच ढाळ धरला आणि बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहिलं. गुळगुळीत फरशीला थोड्या कमी ढाळावर भागतं, खडबडीत दगडावर पाणी रेंगाळतं, तिथे कंजुषी नको.

गाडीच्या जागेचे काळे ठोकळे ही या सगळ्या कामातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. हा आपल्याच मातीखालचा दगड. दख्खनचा पाषाण लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वाईचे घाट त्याचेच आहेत आणि त्या पायऱ्यांवरून किती पिढ्या गेल्या ते आपण पाहतोच. चार इंची ठोकळे पाथरवटांनी छन्नीने घडवलेले, वरच्या अंगाला टाकीचे बारीक घाव ठेवलेले. त्या घावांमुळे ओल्या टायरलाही पकड मिळते.

हे ठोकळे आम्ही सिमेंटमध्ये बसवले नाहीत. माती खणून काढली, डबराचं सोलिंग केलं, म्हणजे मोठ्या दगडांचा थर रचला, त्यावर मुरूम टाकून पाणी मारत धुम्मस करून तो दाबला, वर दोन इंच कच (दगडाचा बारीक चुरा) पसरली, त्यात ठोकळे बसवले आणि सांध्यांतही कचच भरली. कडेने काँक्रीटची पट्टी मात्र हवीच, नाहीतर गाडीच्या वजनाने ठोकळे बाहेर सरकत जातात. या पद्धतीचा फायदा ऑगस्टमध्ये कळला. ड्रेनेजची चर बुजवलेली होती त्या रेषेत जमीन बसली आणि एक कोपरा खचला. पाथरवटाने पहारीने तेवढे ठोकळे उचलले, खाली मुरूम आणि कच भरून ठोकली आणि तेच ठोकळे परत लावले. दुपारभराचं काम. आज ती जागा शोधून सापडत नाही. काँक्रीटवर असती तर फोडाफोड आणि कायमचं ठिगळ. ज्यांची जमीन काळी आहे त्यांनी तर हे नीट लक्षात घ्या. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरची कुठलीही फरशी तिच्याबरोबर हलते. ती खणून काढून मुरूम भरण्यावर खर्च करा, दगडात थोडी काटकसर केलीत तरी हरकत नाही.

ठोकळ्यांच्या तक्रारीही आहेत. मुंग्या सांध्यांतली कच उकरून वर आणतात, बारीक ढिगारे करतात. वर्षातून एकदा कच झाडून पुन्हा भरावी लागते. हरळी उगवते, पाऊस पडून गेल्यावर हाताने उपटली तर मुळासकट येते. दुपारी दगड इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. आणि आईच्या वॉकरला हा पृष्ठभाग चालतच नाही, चाकं अडतात. ते आधीच डोळ्यांसमोर होतं म्हणून फाटकापासून पायरीपर्यंत, तिला चालता येईल एवढा शहाबादीचा सलग पट्टा मध्ये सोडला आहे. घरात वडीलधारं माणूस असेल तर निव्वळ ठोकळ्यांचं अंगण करू नका.

पाषाण घेताना एकच पारख सांगते. ठोकळे ओले करा आणि उन्हात ठेवा. भरीव पाषाण लवकर सुकतो. बारीक भोकांचा, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात तसला दगड बराच वेळ काळपट ओला दिसत राहतो. तो गाडीखाली टिकत नाही, कडा ढासळतात.

ग्रॅनाइटच्या पायऱ्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. जशा लावल्या तशाच आहेत. लेदर फिनिश पावसात पॉलिशपेक्षा पुष्कळ बरं, तरी पायरीच्या पुढच्या कडेला खाचा पाडून घ्याच. फ्लेम फिनिश त्याहून खात्रीचं. त्यात आगीच्या झोताने वरचे स्फटिक तडतडून उडतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

दिवाळीत मात्र दगडांची खरी परीक्षा झाली. पायऱ्यांवर सांडलेलं पणत्यांचं तेल पुसून निघालं. अंगणातल्या शहाबादीने ते पिऊन टाकलं, गोल काळे डाग पडले. मुलतानी माती भांड्यांच्या साबणात घट्ट कालवून डागावर थापली, वर प्लास्टिक झाकून रात्रभर ठेवली, असं दोन-तीनदा केल्यावर डाग फिके झाले, पुरते गेले नाहीत. पुढच्या वेळी पणत्यांखाली ताटल्या असतील. हळद सांडली तर घाबरू नका, उन्हाने ती आपोआप उडते. कुंकू जास्त दिवस राहतं. आणि रफ फरशीवर रांगोळीची रेघ नीट उठत नाही, पूड खळग्यांत बसते. यासाठी उंबऱ्यासमोर, छपराखाली पाऊस लागत नाही तिथे, एकच पॉलिश शहाबादी बसवून घेतली आहे. आईला ती एक फरशी सगळ्या अंगणापेक्षा जास्त आवडते.

जांभा भावनेपोटी घेतला, माझं आजोळ रत्नागिरीकडचं. आमच्या डोक्यावर कासच्या सड्यालाही, म्हणजे पठारालाही, तोच दगड आहे, त्यामुळे तो इथे परका वाटत नाही. भर उन्हाळ्यात परसातली ही एकच वाट अशी आहे जिच्यावरून दुपारीही त्यातल्या त्यात अनवाणी जाता येतं. पाणी पडलं की शोषून घेतो, डबकं राहत नाही. पण शेवाळ सगळ्यांत आधी यालाच धरतं, कडा झिजतात, आणि पहिल्या पावसात लाल पाणी सुटून कडेच्या पांढऱ्या भिंतीवर ओघळ आले. झाडांमधल्या वाटेला जांभा सुंदर, त्यावर टेबलखुर्च्या किंवा गाडी नको. भिंतीजवळ लावणार असाल तर मध्ये वीतभर खडीचा पट्टा सोडा.

सीलरबद्दल, म्हणजे दगडाने पाणी-तेल शोषू नये म्हणून लावतात त्या द्रवाबद्दल, बरेच जण विचारतात. अंगणाच्या अर्ध्या भागाला आत मुरणारा सीलर लावून पाहिला. तेलाचे डाग त्या भागात कमी धरले, शेवाळात काहीच फरक पडला नाही. वॉर्निशसारखा चकाकणारा थर देणारा प्रकार बाहेर लावूच नये. तो ओला झाला की निसरडा होतो आणि पुढे सालपटं निघतात.

फरशी मोजून घेताना दहा टक्के जास्त घ्या आणि एकाच वेळी, एकाच लॉटमधून घ्या. नंतर आणलेली रंगाला जुळत नाही. नमुना कोरडाही बघा आणि ओलाही, कारण पावसाचे चार महिने तुम्हाला ओला रंगच दिसणार आहे.

घराच्या पूर्वेकडचा बोळ अजून मातीचाच आहे. तिथे ऊन कमी आणि पन्हळीचं पाणी जास्त, म्हणून पुन्हा रफ शहाबादीच, पण या वेळी सिमेंटशिवाय, कचेवर, दीड इंचाची निवडून घेतलेली. गवंडीमामांना फेब्रुवारीची तारीख दिली आहे, म्हणजे वळवाच्या आधी मुरूम नीट दबलेला असेल.