चहाच्या फ्रँचायझीचे दहा महिने: घेण्याआधी काय तपासलं, काय राहून गेलं

मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं चहा-नाश्त्याचं दुकान दसऱ्याला सुरू झालं. ब्रँड आमचा नाही, घाटावरच्या एका साखळीची फ्रँचायझी आहे. नाव लिहीत नाही, कारण कराराची चार वर्षं अजून बाकी आहेत आणि मला वाद वाढवायचा नाही. चहा कसा आहे ते कोणीही येऊन पिऊन बघावं. मला सांगायचंय ते पैसे भरण्याआधी मी आणि माझ्या धाकट्या भावाने केलेल्या चौकशीबद्दल. तिच्यामुळे आम्ही तरलो, आणि तिच्यात जे राहिलं त्याचे पैसे अजून जातायत.

सगळ्यात उपयोगी पडली ती अगदी साधी गोष्ट. कंपनीच्या तक्त्यात रोजचे 300 कप धरले होते, तेही बाराही महिने सारखेच. जागा बघायला गेलो तेव्हा शेजारचे दुकानदार काका म्हणाले होते, "पावसात हय कुत्रोय फिरकणा नाय." ते डोक्यात बसलं. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, जून-जुलैत मासेमारीही बंद. मग 300 कप पिणार कोण? म्हणून जुलैत आम्ही याच साखळीच्या रत्नागिरीतल्या दुकानासमोर जाऊन बसलो. एक बुधवार, एक रविवार. भावाने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार उभ्या रेघा आणि एक आडवी अशी मोजणी केली. पार्सल वेगळं, आत बसून पिणारे वेगळे. बुधवारी 112 कप, रविवारी 171. कंपनीचा माणूस याच दुकानाचा आकडा 350 सांगत होता. आम्ही आमचं अंदाजपत्रक पावसाच्या तीन महिन्यांसाठी 100 कपांवर बसवलं. या जुलैत आमची सरासरी 85 आली आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काही दिवस 400 च्या वर गेली. 300 वर विसंबून कर्जाचा हप्ता ठरवला असता, तर जून संपेपर्यंत सोनं गहाण पडलं असतं.

दुसरी गोष्ट बंद पडलेल्या दुकानांची. कंपनी बोलायला म्हणून तीन फ्रँचायझीवाल्यांचे नंबर देते. ते चांगलंच बोलणार, त्यात त्यांची चूक नाही. आम्ही गुगल मॅप्सवर ब्रँडचं नाव टाकून एकेक शाखा उघडून बघितली. चार ठिकाणी 'कायमचे बंद' असं दिसलं. दोघांचे फोन लागले. त्यातले सांगलीकडचे एक गृहस्थ जवळजवळ तासभर बोलले. "ताई, धंदा होवो न होवो, महिन्याची ठरलेली रॉयल्टी द्यावीच लागायची. ते कलम मी वाचलंच नव्हतं." आमच्या मसुद्यात तेच कलम शेवटून दुसऱ्या पानावर होतं. विक्रीच्या 6 टक्के किंवा किमान रक्कम, यातलं जे जास्त असेल ते. आम्ही अडून बसलो आणि जून ते ऑगस्ट किमान रक्कम लागू नाही असं लेखी घेतलं. त्या गृहस्थांचे उपकार मी विसरणार नाही.

कागदपत्रांची तपासणी घरबसल्या झाली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी कधीची, संचालक कोण, डोक्यावर तारण-कर्ज किती हे दिसतं. माहितीपत्रकात 'परंपरा' वगैरे मोठं लिहिलं होतं, कंपनी मात्र तीन वर्षांची. ट्रेडमार्कही बघितला. चहा-कॉफीसारखा माल वर्ग 30 मध्ये येतो, उपाहारगृहाची सेवा वर्ग 43 मध्ये. यांची नोंदणी 30 मध्ये झालेली आणि 43 मधल्या अर्जाला कोणीतरी हरकत घेतलेली. म्हणजे दुकानावरच्या ज्या पाटीसाठी आम्ही पैसे मोजणार, तिचाच हक्क अजून ठरायचा होता. नाव बदलावं लागलं तर नव्या पाटीचा खर्च कंपनीचा, असं कलम वकिलांनी घालून घेतलं. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही होण्याच्या किमान 14 दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही, 1872 च्या करार कायद्यावरच काम चालतं. विचारलं नाही तर कोणी सांगत नाही, आणि तोंडी सांगितलेलं कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

जीएसटी आमच्या सीएंनी पकडला. फी 4 लाख, खाली बारीक अक्षरात 'कर अतिरिक्त'. 18 टक्क्यांनी ते 72,000 झाले. रॉयल्टीवरही तोच दर. 2 लाखांच्या विक्रीवर रॉयल्टी 12,000 आणि कर 2,160. आम्ही ग्राहकाकडून 5 टक्के घेणारे उपाहारगृहवाले, त्यामुळे खरेदीवर भरलेला कर आम्हाला वळता मिळत नाही. म्हणजे 6 टक्के म्हणता म्हणता हातातून 7 टक्क्यांहून थोडे जास्तच जातात. वकील आणि सीए मिळून 18,000 गेले. एवढा वसूल झालेला खर्च दुसरा नाही.

आता राहिलं ते. चहाचं प्रीमिक्स, म्हणजे दुधात घालायची तयार पावडर, कंपनीच्याच कोल्हापूरच्या गोदामातून घ्यायचं, एका वेळी कमीत कमी 60 किलो. हे आम्ही वाचलं होतं. पण कोकणातल्या हवेत ते किती दिवस टिकतं, हे विचारायचं सुचलंच नाही. जुलैत एक पाकीट फोडलं तर पावडर चमच्याला चिकटून वर आली, बोटांत दाबली तर ओल्या रांगोळीसारखी गोळा झाली. दुधात घातली की तळाशी गुठळ्या. 23 किलो टाकावी लागली, किलोला 340 म्हणजे 7,820 रुपये. कंपनी म्हणते, माल पोचला की जबाबदारी तुमची, आणि करारात तसंच लिहिलंय. घाटात दरड आली की गाडी दोन-दोन दिवस अडकते, म्हणून साठा कमी ठेवणंही परवडत नाही. आता आम्ही हवाबंद पत्र्याचे डबे घेतलेत आणि एका वेळी 20 किलोच माल मिळावा म्हणून पत्रं पाठवतोय. दोन पाठवली, उत्तर नाही. रत्नागिरीत दोन दिवस बसलो, तेव्हा त्या दुकानातल्या पोराला एवढं एक विचारायला हवं होतं.

दुसरं, मुदतींचा मेळ. फ्रँचायझी 5 वर्षांची, जागेचा नोंदणीकृत भाडेकरार 3 वर्षांचा. जागा गेली तर फी परत नाही, आणि दुसऱ्या जागेत पुन्हा कंपनीच्याच ठेकेदाराकडून सजावट करून घ्यायची. दोन्ही कागद एकाच आठवड्यात सही केले, पण शेजारी शेजारी ठेवून वाचले नाहीत. भाडेकरार आणखी दोन वर्षं वाढवून द्या म्हणून परवा जागामालकांकडे गेले होते. ते म्हणाले, "गणपती होऊ देत, मग बसूया."