माशांचा सहा फुटी टँक आणि ठिबकचा एक ड्रिपर : नऊ महिन्यांचा अनुभव

दर रविवारी वीस बादल्या. पंधरा लिटरच्या दहा भरून बाहेर न्यायच्या, दहा भरून आत आणायच्या. नाशकात पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो हाऊसमध्ये ६ बाय २ बाय २ फुटांचा माशांचा टँक आहे. काठोकाठ भरला तर ६८० लिटर, प्रत्यक्षात ६०० च्या आसपास. मासे म्हणजे दोन ऑस्कर आणि सहा सिल्व्हर डॉलर. टँकमधलं पाव पाणी बदलायचं म्हणजे दीडशे लिटर. दोन वर्षं ते केलं, पण लग्नसराई, पाहुणे, कंबरदुखी, काही ना काही निघायचं आणि रविवार चुकायचा. चार रविवार लागोपाठ चुकले की नायट्रेटच्या टेस्टची नळी लाल, आणि दोन्ही ऑस्कर कोपऱ्यात बसलेले. गेल्या ऑक्टोबरात टँक रिकामा करून सगळं प्लंबिंग नव्याने केलं. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात त्यावर निघाली, म्हणून आता लिहितोय.

आधी हिशेब. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो; फिल्टर त्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतो, तिथे त्याचं काम संपतं. नायट्रेट बाहेर जातं ते मुख्यतः पाण्याबरोबर. माझ्या टँकमध्ये आठवड्याला साधारण १० पीपीएम वाढतं. दर आठवड्याला २५ टक्के पाणी न चुकता बदललं तर बदलण्याआधीचा आकडा ४० वर येऊन थांबतो. चुकवलं की तो चढत राहतो. महागडा फिल्टर घेऊन हे गणित बदलत नाही.

ठिबकची कल्पना साडूची. दिंडोरी तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे. माझ्या बादल्या बघून म्हणाला, "तुला रोज थोडं थोडंच पाणी द्यायचंय ना? मग ठिबक लाव की." नाशकात ठिबकचं दुकान शोधावं लागत नाही. १६ एमएमची लॅटरल (ठिबकची नळी), ग्रोमेट (भोकात बसवायचं रबरी बूच), छोटा स्क्रीन फिल्टर आणि ताशी ४ लिटरचे साधे ड्रिपर घेऊन आलो. ड्राय बाल्कनीत लोखंडी अँगलच्या स्टँडवर २०० लिटरचा ड्रम ठेवला आणि ड्रिपरखाली औषधाचा मापाचा कप धरून घड्याळ लावलं. ताशी ४ लिटरचा ड्रिपर जेमतेम सव्वा लिटर देत होता. पहिल्यांदा वाटलं, माल खराब आहे. पण ड्रिपरवर लिहिलेला आकडा बागेतल्या १ बार (सुमारे ३३ फूट पाण्याच्या) दाबाचा असतो. माझ्या ड्रमचा दाब सरासरी तीन फूट पाण्याचा, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. दाब दहावा हिस्सा झाला की साध्या ड्रिपरचा प्रवाह साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. सव्वा लिटर हा आकडा बरोबरच होता, आणि माझ्या सोयीचाही. दिवसाला सुमारे ३० लिटर, म्हणजे एक ड्रम एक आठवडा. पीसी (दाब कमी-जास्त झाला तरी प्रवाह सारखा ठेवणारे) ड्रिपर मात्र घेऊ नका, इतक्या कमी दाबाला ते नीट चालत नाहीत.

टँकखाली सम्प, म्हणजे फिल्टरची पेटी आहे; टँकचं पाणी पाइपातून तिथे उतरतं आणि पंप ते रिटर्न पाइपाने परत वर चढवतो. ड्रिपरचं तोंड सम्पमधल्या पाण्याच्या वर ठेवलं आहे, पाण्यात बुडवलेलं नाही. थेंब डोळ्यांना दिसतो, त्यामुळे चोंदला तर त्याच दिवशी कळतं. जेवढं येतं तेवढं सम्पच्या ओव्हरफ्लो पाइपातून बाहेर जातं, भिंतीतून थेट अंगणातल्या जास्वंदीच्या आणि कढीपत्त्याच्या आळ्यात. त्या पाइपावर एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन बॉल व्हॉल्व आहेत. टँकमध्ये औषध किंवा मीठ टाकलं असेल तेव्हा पाणी झाडांकडे न सोडता नहाणी ट्रॅपकडे वळवतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला घरात पाणी तुंबल्यावर समजली. रात्री लाइट गेली. पंप थांबला की टँकमधलं पाणी रिटर्न पाइपातून उलटं खाली येतं, आणि त्या पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत येतच राहतं. या मापाच्या टँकमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ११ लिटर. प्लंबरने तोंड पाच-सहा सेंटिमीटर खाली ठेवलं होतं आणि भरवसा ठेवला होता पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्ववर. त्यात गोगलगाय अडकली. साठ लिटर पाणी खाली आलं, आणि तेव्हा ओव्हरफ्लोला मी एक इंचाचा पाइप दिला होता, त्याला ते पेललं नाही. पहाटे हॉलच्या फरशीवर पाणीच पाणी होतं.

खरं नुकसान त्यानंतर झालं. लाइट आली, पंप सुरू झाला, पण जे पाणी टँक पुन्हा भरायला लागणार होतं ते ओव्हरफ्लोतून आणि फरशीवरून निघून गेलं होतं. सम्पमध्ये आडव्या काचा असल्या की पातळी फक्त शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात उतरते. माझा तो कप्पा एक फुटाचा, म्हणजे सेंटिमीटरला जेमतेम १.४ लिटर. तो बघता बघता कोरडा पडला आणि पंप जळाला. ज्यांना सम्पला कायमचा ओव्हरफ्लो द्यायचा आहे त्यांनी हे आधी मोजावं. मी रिटर्नचं तोंड पाण्याच्या पातळीपासून दोन सेंटिमीटरवर आणलं, पातळीच्या लगेच खाली पाइपाला ४ एमएमचं भोक पाडलं (पातळी तिथवर उतरली की हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो), आणि शेवटची काच सरकवून पंपाचा कप्पा दोन फुटांचा केला. आता लाइट गेली की फार तर २२ लिटर जातं आणि पंपाची पातळी ८ सेंटिमीटर उतरते, तेवढं चालतं. ते भोक दर महिन्याला काडीने साफ करतो, शेवाळ धरलं तर भोक असून नसल्यासारखं. मे महिन्यात वादळी वाऱ्यांत कितीदा तरी लाइट गेली, फरशी कोरडी राहिली.

थंडीत मला ठिबकचं खरं मोल कळलं. डिसेंबर-जानेवारीत ड्रममधलं पाणी १५ अंशांवर जातं. पूर्वी २७ अंशांच्या टँकमध्ये तसलं दीडशे लिटर एकदम ओतलं की तापमान सरळ तीन अंशांनी उतरायचं, म्हणून गिझरचं पाणी मिसळत बसायचो. आता ताशी सव्वा लिटर येतं आणि थर्मामीटरचा काटा हलत नाही. यंदा एकाही माशाला पांढरे ठिपके आले नाहीत.

क्लोरीनबाबत मी हयगय करत नाही. नळाला महापालिकेचं, गंगापूर धरणाचं पाणी येतं. पावसाळा लागला की पाणी गढूळ होतं आणि नळ उघडताच क्लोरीनचा वास नाकात जातो. ड्रिपर थेट नळाच्या लाइनला जोडायचा सल्ला मला मिळाला होता, तो मी मानला नाही. ड्रम शनिवारी सकाळी भरतो, हायपो (क्लोरीन घालवणारे खडे) विरघळवून टाकतो, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून एक दिवस ठेवतो, रविवारी व्हॉल्व उघडतो. रविवारचं काम आता एवढंच. बोअरचं पाणी अजिबात घेत नाही, माझ्या मीटरवर त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) नळाच्या पाण्याच्या पाचपट येतो.

बाकी प्लंबिंगबद्दल थोडक्यात. टँकच्या काचेला भोकं जोडणीआधीच पाडून घ्या, टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला ती पाडताच येत नाहीत. टँकमधून खाली येणारा पाइप दीड इंचाचा हवा, शेजारी तेवढाच दुसरा इमर्जन्सीचा. प्रत्येक बॉल व्हॉल्वजवळ युनियन (पिळून खोलता येणारा जोड) लावायला सांगा. प्लंबर टाळेल, तरी सांगा, नाहीतर पंप काढताना पाइप कापावा लागतो. सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावलेला जोड एक दिवस वाळू द्या.

तिसऱ्या महिन्यात ड्रिपर चोंदला, ड्रमवर ऊन पडून आत शेवाळ झालं होतं. ड्रमला काळा कागद गुंडाळला आणि दोन-चार रुपयांचा ड्रिपर नवा लावला, तेव्हापासून चोंदलेला नाही. नायट्रेट ३० च्या आसपास असतं, मोठा ऑस्कर पुन्हा हातातून कोळंबी घेतो.

एकच बदल बाकी आहे. दिवाळीत दहा दिवस गावी जायचंय आणि ड्रम सातव्या दिवशी संपतो. शेजारी दुसरा ड्रम ठेवून तळाशी टँक निपलने (ड्रमच्या भोकात बसणाऱ्या पाइपजोडाने) दोन्ही जोडणार आहे, स्टँडचा अँगल कालच मोजून आलो.