डाळमिलमधलं सेकंडहँड फायबर चॅनेल : उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलच्या ऑफिसात दिवाळीनंतर फायबर चॅनेलचा, म्हणजे वेगळ्या ठेवलेल्या डिस्क प्रकाशाच्या केबलने सर्व्हरना जोडणारा, हा सेट बसवला. मे महिना त्याने काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

सामान सगळं सेकंडहँड. तीन सर्व्हरमध्ये क्यूलॉजिकची २५६२ मॉडेलची कार्डं, म्हणजे ८ जीबीची (सेकंदाला ८ गिगाबिट वेगाची) दोन पोर्टवाली. स्टोरेजसाठी डिस्कांनी भरलेला एक जुना सर्व्हर, त्यावर लिनक्स आणि तेच कार्ड टार्गेट मोडमध्ये, म्हणजे डिस्क मागणारं नाही, देणारं. मध्ये ब्रोकेड ३०० मॉडेलचे स्विच, तेही दोन. शेठ म्हणाले, दोन कशाला? पण या स्विचला पॉवर सप्लाय एकच, तोही न निघणारा. तो गेला की तिन्ही सर्व्हरच्या डिस्क एकदम गायब. कार्डाचा एक पोर्ट एका स्विचला, दुसरा दुसऱ्याला आणि लिनक्सवर मल्टिपाथ, म्हणजे एक वाट तुटली की दुसरीने काम चालू ठेवणारी सोय. आता भर कामाच्या वेळी एक स्विच रीस्टार्ट केला तरी बिलिंगवाल्यांना पत्ता लागत नाही.

कार्डं स्वस्तात मिळतात, खर्च बारक्या वस्तूंत निघतो. ब्रोकेडला ८ जीबीचे एसएफपी (पोर्टात बसणारे, केबल लावायचे छोटे मॉड्यूल) ब्रोकेडचेच लागतात. दिसायला तसेच असलेले दहा गिगाबिट इथरनेटचे मॉड्यूल तो घेत नाही. २४ भोकं दिसतात म्हणून २४ पोर्ट मिळाले असंही समजू नका. मूळ लायसन्स ८ पोर्टचं असतं, पुढचे ८-८ वेगळे घ्यावे लागतात. घेण्याआधी विकणाऱ्याकडून स्विचच्या 'लायसन्सशो' कमांडचा फोटो मागा. आमच्या व्यापाऱ्याने "सगळे चालू आहेत भाऊ" म्हणून पाठवलेल्या एका स्विचवर आठच चालू निघाले. नशीब, आम्हाला चारच लागत होते.

केबल ओएम३ जातीची फायबर, दोन्हीकडे एलसी कनेक्टर. ८ जीबीला ती १५० मीटरपर्यंत चालते, आमची सगळी तीन मीटरच्या आत.

खरा त्रास भुशाचा. तुरीच्या सालीची पिठासारखी भुकटी बंद कपाटातही शिरते. फेब्रुवारीत एक सर्व्हर मधूनच अडखळायला लागला. 'पोर्टएररशो'मध्ये एकाच पोर्टचे सीआरसी आकडे (खराब होऊन आलेल्या डेटाची मोजणी) चढत होते, 'एसएफपीशो'त येणाऱ्या प्रकाशाची ताकद शेजारच्या पोर्टपेक्षा बरीच कमी. केबल काढून टोकाकडे पाहिलं, डोळ्याला काहीच दिसलं नाही. पेनसारखा एलसी क्लीनर टोकावर टकटक दाबला, एसएफपीच्या भोकातही फिरवला, परत लावलं. आकडे जागेवर थांबले. तेव्हापासून रिकाम्या पोर्टांत रबरी बुचं आणि क्लीनर रॅकलाच बांधलेला.

दुसरा त्रास उन्हाचा. स्विच ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला, आणि इथे बाहेर ४५. वायरमन रॅककडे बघून म्हणाला, "आठे मानूसले पंखा पुरत नही, तुना डबाना काय हाल व्हतीन!" एसी लावला, तोही इन्व्हर्टरवर घेतला, नाहीतर लाइट गेली की यूपीएसवर स्विच चालू आणि खोलीची भट्टी.

वेग? एका पोर्टला सेकंदाला साधारण ८०० एमबी मिळतात. आवाज मात्र भयंकर, स्विच बसायच्या खोलीत ठेवूच नका. झोनिंग (स्विचवर कोणी कोणाला दिसायचं ते ठरवणं) डब्ल्यूडब्ल्यूएनवर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या नंबरावर केलं, प्रत्येक झोनमध्ये एकच सर्व्हर. एकच लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दोन मशीनवर साध्या फाइल सिस्टिमने एकदम माउंट करू नका, डेटाची वाट लागते.

आणि तुमच्याकडे दोनच सर्व्हर असतील तर स्विच घेऊच नका. स्टोरेजच्या कार्डाचा एकेक पोर्ट थेट एकेका सर्व्हरला जोडा. दुसरी वाट राहत नाही, पण लायसन्स, झोनिंग, आवाज काहीच नाही.