खाऱ्या वाऱ्यातील पाटी: फ्लेक्स, सनबोर्ड, एसीपी आणि रंगवलेला पत्रा

गुहागरच्या ‘खालचा पाट’ या वस्तीत आमचे घर आहे. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीपलीकडची सुरूची रांग ओलांडली की समुद्र. घरातील चार खोल्या पर्यटकांना राहण्यासाठी द्यायला लागल्यापासून पाच पावसाळे झाले आणि या काळात फाट्यावरची, फाटकावरची, पडवीतील व खोल्यांवरची अशा निरनिराळ्या पाट्यांसाठी बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक प्रकारचा माल आम्ही वापरून पाहिला. छपाईच्या दुकानात दर चौरस फुटावर सांगितला जातो. त्या दरात कोणता माल, कोणती शाई, लॅमिनेशन आहे की नाही, चौकट कशाची, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. म्हणून हे परीक्षण एखाद्या दुकानाचे नसून मालाचे आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा माल फ्लेक्स. पॉलिएस्टर धाग्याच्या जाळीला दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर दिला की फ्लेक्स होतो. त्याची प्रत जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरला भरणाऱ्या ग्रॅमवर ठरते. आमच्या पहिल्या पाटीसाठी २८० जीएसएमचे स्टार फ्लेक्स सांगितले होते. मे महिन्याच्या उन्हातच तिच्यावरील लाल कौलांचे चित्र फिकटून निळसर झाले. छपाईच्या चार शायांपैकी किरमिजी आणि पिवळी उन्हाने लवकर उडतात, निळी व काळी मागे राहतात. नाक्यानाक्यावरच्या जुन्या शुभेच्छा फलकांवरील चेहरे निळे पडतात ते यामुळेच. पुढे जूनच्या पहिल्या झडीत वारा शिडात भरावा तसा त्या आठ बाय चार फुटांच्या कापडात भरला आणि आयलेटच्या कड्या एकेक करून फाटत गेल्या. उरलेल्या तुकड्यातून मी बरोबर एक चौरस फूट कापून शेजारच्या वाणसामानाच्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. २८० जीएसएमचा माल असता तर तो सव्वीस ग्रॅम भरायला हवा होता. तो वीस ग्रॅमही भरला नाही. तेव्हापासून मी ऑर्डर देण्यापूर्वी कोऱ्या कापडाचा एक चौरस फुटाचा तुकडा मागून घेतो. दुकानदार जरा विचित्र नजरेने पाहतात, पण देतात.

तरीही फ्लेक्सला सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. शिमग्याचा कार्यक्रम, आंब्याच्या हंगामातील पेटीचे दर, आठ-पंधरा दिवसांची सूचना यांसाठी त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. फक्त १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या वा पीव्हीसीच्या बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, हे अगदी स्वस्त माल घेताना ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रयोग सनबोर्डवर (पीव्हीसीचा फेसाळ तक्ता) चिकटवलेल्या व्हिनाइलचा, म्हणजे मागे गोंद असलेल्या छापील प्लास्टिक पापुद्र्याचा. पडवीत लावलेली जेवणाच्या वेळांची पाटी आजही पहिल्या दिवसासारखी आहे. उन्हात लावलेली तिचीच जोडपाटी मात्र वर्षाच्या आत मधोमध फुगली आणि स्क्रूच्या भोकांपाशी तडकली. पीव्हीसीचा फेसाळ तक्ता उन्हात प्रसरण पावतो, आणि स्क्रू घट्ट पिळून भोकात हालायला जागाच ठेवली नसेल तर तो वाकण्यावाचून दुसरे काय करणार? घेताना एवढे पाहावे की तो खरोखर पीव्हीसीचाच आहे. दोन्ही बाजूंना कागद असलेला फोम बोर्ड दिसायला तसाच असतो आणि आमच्याकडील दमट हवेत पडवीतसुद्धा फुगतो.

व्हिनाइलबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पाटी बहुधा तिथेच दगा देते. ज्याला आपण सर्रास ‘रेडियम’ म्हणतो त्यातही प्रती आहेत. साधे, म्हणजे मोनोमेरिक व्हिनाइल काळानुसार आक्रसते आणि कडेला चिकट रेघ उघडी पडते. त्या रेघेवर धूळ आणि पावसाळ्यात शेवाळ बसते. पॉलिमेरिक व्हिनाइल महाग असते, पण पुष्कळ कमी आक्रसते. त्यावर लॅमिनेशन नसेल तर शाई ऊन, वारा आणि वाऱ्याबरोबर येणारी बारीक वाळू यांच्या तोंडी उघडी राहते. लॅमिनेशनची घाईही नडते. सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट शाईतील द्रावक उडून जाण्यासाठी छापलेले व्हिनाइल निदान एक दिवस मोकळे ठेवावे लागते. गणपतीच्या तोंडावर एका दुकानाने माझे काम सकाळी छापून दुपारी लॅमिनेट करून दिले. दिवाळीपर्यंत त्यावर पुरळ उठल्यासारखे बुडबुडे आले होते. आता मी काम गर्दीच्या दिवसांत देतच नाही.

फाटकावरची पाटी आज एसीपीची, म्हणजे अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलची आहे आणि तिच्यावर मी समाधानी आहे. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असा हा तक्ता तीन किंवा चार मिलिमीटर जाडीत मिळतो; वजनाला हलका आणि सपाट राहणारा. बाहेरच्या कामासाठी पीव्हीडीएफ हा उन्हात टिकणारा लेप असलेला मागावा, कारण आतील सजावटीसाठीचा पॉलिएस्टर लेपाचा तक्ता स्वस्त पडला तरी उन्हात लवकर निस्तेज होतो. आम्ही त्यावर पॉलिमेरिक व्हिनाइल, मॅट लॅमिनेशन आणि कडांना अॅल्युमिनियमची पट्टी असे काम करून घेतले. चकचकीत लॅमिनेशन टाळण्याचे कारण साधे आहे: आमचे फाटक पूर्वेकडे तोंड करून आहे आणि सकाळच्या उन्हात चकाकी अशी मारते की नाव वाचता येत नाही.

मात्र उत्तम तक्त्याचे आयुष्य शेवटी स्क्रूवर ठरते. पहिल्या वेळी कारागिराने साधे लोखंडी स्क्रू मारले. खारी हवा आणि ओल असली की साधे लोखंड भराभर गंजते आणि त्याला टेकलेल्या अॅल्युमिनियमवरही भोकाभोवती पांढरी पूड धरते. एका पावसाळ्यात पाटीवर तांबड्या अश्रूंचे ओघळ आले. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही समुद्राजवळ तपकिरी डाग चढतात. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक टिकते. संपूर्ण पाटीच्या खर्चात या स्क्रूंचा वाटा नगण्य आहे, तरी ते शोधून आणायला मला चिपळूणला दोन फेऱ्या पडल्या. जांभ्याच्या चिऱ्याचा प्रश्न वेगळाच: दगड मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकतात तो काँक्रीटसाठीचा आखूड गुल्ला त्यात काही दिवसांनी फिरू लागतो. शेवटी आम्ही पाटी चिऱ्यावर न लावता फाटकाच्या काँक्रीटच्या खांबावर घेतली. चौकटीसाठी लोखंडी स्क्वेअर पाईपऐवजी अॅल्युमिनियमचा पाईप वापरला. लोखंडाला रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक रंगाचा, हात दरवर्षी देण्याचा उत्साह पहिल्या दोन वर्षांनंतर कोणाच्याच अंगी उरत नाही.

या सगळ्यात मला चकित केले ते विहिरीजवळच्या, पेंटरने जस्ताच्या पत्र्यावर ऑइलपेंटने हाताने लिहिलेल्या पाटीने. तीवर चित्र नाही, छटा नाहीत, पण पाच वर्षांत अक्षर हललेले नाही. जिथे केवळ नाव आणि बाण पुरेसा आहे, तिथे मी पेंटरलाच बोलावीन. दुर्दैवाने तसे वळणदार देवनागरी लिहिणारे हात आता कमी होत चालले आहेत.

मजकुराविषयीही सांगणे भाग आहे. धोपाव्याच्या फेरीबोटीवरून उतरून येणारी गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर ती सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते. तीस मीटरवरून पाटी दिसली तर वाचायला तीन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात दहा आकडी फोन नंबर कोणीही टिपून घेत नाही, तरी प्रत्येक दुकान तो घालण्याचा आग्रह धरते. अक्षराची उंची दहा फूट अंतराला एक इंच या ढोबळ हिशेबाने धरावी, पण देवनागरीत ती मात्रा-वेलांटी वगळून मोजावी. नमुना मोबाइलवर न पाहता कागदावर छापून पाहावा. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ‘श्व’चा पाय मोडून ‘श्‌व’ झालेला मी स्वतः पकडला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील दुकाने व आस्थापनांच्या नामफलकावर मराठी देवनागरी अक्षरे असणे आवश्यक आहे आणि ती इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, हेही आराखड्यापूर्वीच सांगून ठेवावे.

दिव्याची पाटी मी रस्त्याकडे तोंड करून एकच लावली आहे. समुद्राकडे ती लावायची नाही, हे आम्ही ठरवूनच टाकले, कारण गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात.

उतरवलेल्या फ्लेक्सचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे ते सर्रास बंबात घालतात, पण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर निघतो आणि विषारी डायॉक्सिनही तयार होतात. आमचे जुने फ्लेक्स पावसाळ्यात वाडीतील लाकडांच्या रचाईवर असते, छापील बाजू खाली करून. निळी पडलेली कौले वर दिसू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू.