अक्षर मोठे करणारी बटणे, की मुळातच वाचता येईल असा मजकूर?

दृष्टी अधू असलेल्या वाचकांसाठी संकेतस्थळ सुधारायचे ठरले की दोन पर्याय पुढे येतात: पानाच्या कोपऱ्यात अक्षराचा आकार आणि रंग बदलणारी बटणे बसवणे, किंवा मूळ सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी, रंग आणि अक्षराचा आकार ठरवणारा कोड, दुरुस्त करणे. बटणे झटपट बसतात आणि दाखवता येतात, म्हणून त्यांना लवकर मंजुरी मिळते. दुरुस्तीला वेळ लागतो आणि ती झाल्यावर दाखवण्यासारखे फारसे काही नसते.

मात्र बटणे त्या एकाच संकेतस्थळापुरती चालतात. ज्यांना मोठे अक्षर लागते, त्यांतील अनेकांनी ते ब्राउझरमध्ये आधीच ठरवून ठेवलेले असते. आकार पिक्सेलमध्ये, म्हणजे ठरावीक मापात, दिला असेल तर ती निवड डावलली जाते; 'रेम'मध्ये, म्हणजे मूळ अक्षराच्या आकाराच्या पटीत, दिला असेल तर पाळली जाते. शिवाय ते बटणही बहुधा बारीकच असते.

दुरुस्तीसाठी मोजता येतील असे निकष आहेत. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ (२०१८) या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे (कॉन्ट्रास्टचे) प्रमाण किमान ४.५:१ हवे. पांढऱ्यावरचा ७७७७७७ या रंग-कोडचा राखाडी ४.४८ वर अडतो आणि ७६७६७६ उत्तीर्ण होतो, पण वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच फिके दिसतात. तेव्हा काठावर न थांबता ७:१ गाठावे, असे माझे मत आहे. खरी कसोटी झूमची: १२८० पिक्सेल रुंद खिडकीत ४०० टक्के झूम केल्यावर ३२० पिक्सेलची जागा उरते आणि तिच्यात ओळी आपोआप मोडल्या पाहिजेत, कारण प्रत्येक ओळीसाठी पान आडवे सरकवावे लागले, तर परत येताना पुढची ओळ कोणती हेच सापडत नाही. देवनागरीत तर ठरावीक उंचीच्या चौकटीत अक्षर वाढवले की आधी वेलांट्या, रफार आणि उकार कापले जातात; म्हणून चौकटीची उंची मोकळी सोडावी आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवावी.

पैसा एकाच कामाला पुरणार असेल, तर तो सीएसएसवर खर्च करावा. सार्वजनिक संगणकावर, जिथे ब्राउझरच्या सेटिंगला हात लावता येत नाही, किंवा झूम ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी बटणांचा उपयोग नक्कीच आहे. पण ती ठळक असावीत, कीबोर्डवरून चालावीत आणि एकदा केलेली निवड पुढच्या पानावरही टिकावी.