गावच्या वाचनालयात रहस्यकथा: होम्स, ब्योमकेश, फेलूदा की अर्नाळकर?

विदर्भात दारव्हा, आर्वी, वणीकडच्या छोट्या वाचनालयात रहस्यकथांच्या वाट्याला फार तर एक कप्पा येतो. म्हणजे वीसेक पुस्तकं. ती कोणाची घ्यायची हे ठरवताना लेखकाच्या नावाआधी आपला वाचक बघावा. तो बाजाराच्या दिवशी पुस्तक नेतो आणि पुढच्या बाजाराला परत आणतो. मृगाची पेरणी किंवा कापसाची वेचणी लागली की त्याच्या हाती रात्रीची वीस-पंचवीस मिनिटंच उरतात. पहिल्या दहा पानांत जीव गुंतला नाही, तर पुस्तक न वाचताच परत येतं.

शेरलॉक होम्स या वेळेत नेमका बसतो. ४ कादंबऱ्या सोडल्या तर बाकीच्या ५६ लघुकथा आहेत आणि बहुतेक एका बैठकीत संपतात. अडचण खरेदीत आहे. होम्सचे लेखक कॉनन डॉइल १९३० साली वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे आज होम्स कोणीही छापू शकतो. पुस्तक स्वस्त मिळतं, पण संक्षिप्त आवृत्त्यांत नेमके धागेदोरे कापलेले असतात. मग शेवटचा उलगडा जादूसारखा वाटतो आणि वाचकाला फसवल्यासारखं होतं. शिवाय एकाच कथेला तीन अनुवादक तीन नावं देतात. दोन संग्रह घ्यायचे असतील, तर नावांवर न जाता प्रत्येक कथेचा पहिला परिच्छेद ताडून बघा, नाहीतर निम्म्या कथा दोनदा विकत घ्याल.

शाळकरी मुलांसाठी मात्र होम्सच्या आधी बंगाली गुप्तहेर फेलूदा. सत्यजित राय यांनी या कथा १९६५ पासून ‘संदेश’ या मुलांच्या मासिकासाठी लिहायला घेतल्या. त्यामुळे रक्तपात बेताचा आणि प्रवास भरपूर. सांगणारा तोपशे शाळकरी वयाचा, आणि सोबतीला जटायू या टोपणनावाने रहस्यकादंबऱ्या लिहिणारे लालमोहनबाबू. त्यांच्या कादंबरीतल्या तपशिलाची चूक फेलूदा दाखवून देतो, तेव्हा रहस्यकथा लिहायला किती माहिती गोळा करावी लागते हे मुलांना आपोआप कळतं. अशोक जैन यांचा मराठी अनुवाद सरळ, छोट्या वाक्यांचा आहे. सातवीतलं पोरगं न अडखळता वाचतं. उणीव एकच, आणि ती मोठी आहे: या कथांत बायका जवळपास नाहीतच.

मोठ्यांना ब्योमकेश बक्षी द्यावा. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली त्याला आणला. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. गुन्ह्यामागची कारणं इस्टेट, दत्तकविधान, लपवलेलं लग्न अशी असतात. वाटणीवरून कोर्टात गेलेलं घर ज्याने जवळून पाहिलंय, त्याला ती समजावून सांगावी लागत नाहीत. होम्समधलं धुकं आणि घोडागाडी दुरून बघावी लागते. ब्योमकेशच्या घरातला चहा, भाड्याची खोली आणि मित्र अजित आपल्याच गल्लीतले वाटतात. एकाच संचाचे पैसे असतील, तर आमचं मत ब्योमकेशला. फक्त हा संच मुलांच्या कप्प्यात ठेवू नका.

अगाथा ख्रिस्ती घाईने घेऊ नये. तिच्या कादंबरीत पहिल्या तीस पानांतच दहा-बारा इंग्रजी नावं येतात आणि आठ दिवसांच्या खंडानंतर कोण कोणाची मावशी हे आठवत नाही. मुखपृष्ठाच्या आत पात्रांची चिठ्ठी चिकटवली तर वाचक टिकतो. सुरुवात तिचा गुप्तहेर पॉयरो याच्याऐवजी मिस मार्पलपासून करावी. म्हातारी खेड्यातच राहते आणि गावातल्या माणसांच्या स्वभावावरून खुनी ओळखते. ही पद्धत इथे कोणालाही परकी वाटत नाही. ख्रिस्ती १९७६ साली वारली, म्हणजे हक्क अजून जिवंत आहेत. स्वस्त अनुवाद दिसला तर तो परवानगीने छापलाय का, हे आत बघून घ्या.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय-छोटू, काळापहाड, झुंजार या त्यांच्या नायकांचा वेग आजही दमवतो, पण योगायोग फार. चार-पाच पुरेत, आणि त्याही नव्या छपाईच्या. नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळणाऱ्या जुन्या प्रतींचा कागद पान उलटताना तुटतो. सुहास शिरवळकरांचा वकील अमर विश्वास कॉलेजातली मुलं मागून नेतात. तो कप्प्यात हवाच.

आता प्रत हातात घेऊन तपासणी. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवतात. बांधणीत चूक झाली की १६१ ते १७६ ही पानं दोनदा येतात आणि १७७ ते १९२ गायब. रहस्यकथेत नेमका उलगडाच जातो, म्हणून शेवटचे तीन फर्मे दुकानातच मोजा. नुसत्या डिंकाच्या बांधणीला उन्हाळ्यात तडा जातो आणि पानं सुटतात. शिवलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. गावात कापडी बांधणी करताना खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की कसर लागत नाही, पण ते विषारी आहे, ती खळ मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पुस्तक परत आलं की पहिलं पान उघडून बघायचं. कोणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहितंच. खोडरबर नोंदवहीशेजारीच ठेवा.